तीन हाका, एक खोकला

थडीची वस्ती, ता. निफाड
१२ नोव्हेंबर १९९७

आत्या,

तुझ्या पायावर डोकं ठेवतो. पत्र बघून म्हणशील, आज किशोरला आत्या कशी आठवली. काम निघालं म्हणूनच आठवली, खोटं कशाला बोलू.

दसऱ्यापासून मी धरणाच्या फुगवट्यालगतच्या एका बंगल्यावर राखणदार म्हणून लागलोय. मालक नाशिकचे, भाऊसाहेब म्हणतात त्यांना. शनिवार-रविवारी मित्रांना घेऊन येतात. काम पसंत पडलं तर कायम करतो आणि राहायला पक्की खोली देतो म्हणालेत. ज्योत्स्नाला पाचवा महिना चालू आहे. छपराखाली पोर जन्माला येण्यापेक्षा पक्क्या खोलीत आलेलं बरं, एवढाच माझा लोभ.

भाऊसाहेबांच्या मित्रांना बदकांचे फोटो काढायचा नाद आहे. बदकं जवळ यावीत म्हणून त्यांनी परदेशातून एक प्लॅस्टिकची पिपाणी आणली. ती वाजवली की होती नव्हती ती बदकंही पार सिन्नर तालुक्यात जातात. सगळे हसतात आणि दारू ओततात. मला आई सांगायची ते आठवलं, की तुझे मालक काळूमामा पिपाणी वाजवायचे तेव्हा वरून चाललेला थवा वळून खाली उतरायचा, आणि ती विद्या तुलाही येते. मी भाऊसाहेबांना बोलून बसलो. आता ते दर खेपेला विचारतात, काय झालं तुझ्या आत्याच्या पिपाणीचं?

आबाला विचारलं तर तो अर्धी भाकर ताटात टाकून उठला. भाकर टाकून उठणारा माणूस नाही तो, तुला माहीत आहे. तेव्हा त्याला यातलं काही कळवू नकोस. मामाची एखादी पिपाणी असेल तर पाठव, आणि कशी वाजवायची ते लिही.

तुझा,
किशोर

---

आश्रमशाळा, ता. पेठ
२४ नोव्हेंबर १९९७

बाळ किशोर,

सुखी राहा. ज्योत्स्नाला जड उचलू देऊ नकोस.

पत्र तीन वेळा वाचलं. प्रौढांच्या वर्गात मी लिहायला शिकले तेव्हा गुरुजी म्हणाले होते, भागीबाई, आता कोणाला पत्र लिहिणार? मी म्हटलं, कोणी विचारलं तर लिहीन. दोनशे पोरांच्या भाकरी थापून रात्री हात दुखतात, पण आज दुखत नाहीत. तुझा मामा पाण्यात गेला त्याला या थंडीत सव्वीस वर्षं होतील. तेवढ्या वर्षांत त्याच्या मरणाबद्दल लोकांनी विचारलं, त्याच्या हुन्नराबद्दल तू पहिलाच विचारतोयस.

चुलीवरच्या माळ्यावर त्याच्या तीन पिपाण्या आहेत. धुरानं काळ्या झाल्यात, म्हणूनच कीड लागली नाही. लांब आहे ती घोगरी, वारा असला तरच चालते. आखूड आहे ती चिरकी, ती ऐकून बगळासुद्धा येणार नाही. मधली पाठवते. पेठच्या गाडीचे कंडक्टर ओळखीचे आहेत, ते नाशिकला निफाडच्या गाडीत देतील. ती प्लॅस्टिकची मालकाला परत कर. परमुलखातली बोली आपल्या पाखराला कळत असेल, पण पटत नाही.

आता नीट वाच. पिपाणीच्या पोटात बांबूची पातळ जिभली आहे. वाजवण्याआधी ती ओठांनी ओली कर, पण थुंकीनं भरू नकोस, नाहीतर चिकटते. मग गाल फुगवायचे नाहीत. चुलीच्या फुंकणीत आपण गालातून फुंकतो, तसं केलंस तर शेळीचा आवाज निघेल. गुरुजी चष्मा पुसायला काचेवर हा करून वाफ सोडतात ना, तशी पोटातून ऊन हवा सोड आणि ती घशाशी तोडत जा. डावा पंजा पिपाणीच्या तोंडावर द्रोणासारखा धर. द्रोण उघडला की आवाज लांब जातो, मिटला की जवळचा वाटतो.

चोचीवर पिवळा-लाल ठिपका असतो त्या हळदीकुंकू बदकांत मोठ्यानं ओरडते ती मादी. नर बापडा नुसता पुटपुटतो, आपल्याकडं असतं तसंच. म्हणून तुला मादीचा आवाज शिकायचाय. लांबच्या थव्याला पाच हुंकार, पहिला उंच आणि मग एकेक पायरी उतरत. थवा वळला की गप्प. उतरायला लागला की चारा खाताना करतात ती कुडकुड, हळू आवाजात आणि भरभर. वळलेल्या पाखराला पुन्हा हाक मारायची नाही. घरी यायला निघालेल्या माणसाला कोणी हाक मारतं का?

आणि एक नियम आहे. तीन हाका झाल्या की एकदा माणसासारखं खोकायचं, मोठ्यानं. तीन हाका, एक खोकला. पाखरं थोडी बिचकतील, बिचकू देत. मामाचा नियम आहे, तो मोडायचा नाही. फोटो काढायचे असले तरी मोडायचा नाही.

तुझ्या आबाला, हिरामणला, माझा निरोप नको सांगूस. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, तो मला कधी विसरणार नाही.

आत्या

---

थडीची वस्ती
९ डिसेंबर १९९७

आत्या,

नमस्कार आणि पिपाणी पोचल्याची पोच. कंडक्टर ती कोणाची तरी बासरी म्हणून देवळात ठेवायला निघालेला, मी वेळेवर गेलो.

पहिले आठ दिवस शेळीच ओरडली. शेजारच्या मळ्यातली बाई खरोखर शेळी बघायला आली. ज्योत्स्ना म्हणाली, पोटातलं पोर घाबरून लवकर बाहेर येईल. मग एकदा सकाळी आरशासमोर तू सांगितलंस तशी वाफ सोडत बसलो आणि मधेच पिपाणी तोंडाला लावली. आत्या, तो आवाज माझा नव्हताच. शुक्रवारी पाण्यावरून सात बदकं चालली होती. पाच हुंकार दिले आणि ती वळली, जणू पायाला दोरी बांधलेली.  आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी येतंय असं वाटलं.

खोकल्याचं मात्र जमत नाही. खोकलं की पाखरं उधळतात. फोटोवाले चिडतात, म्हणतात हे काय नाटक आहे. काळूमामांना दमा होता का? म्हणून तर हा नियम झाला नाही ना? रागावू नकोस, चेष्टा करतोय.

आबाची काळजी वाटते. मी पिपाणी वाजवायला लागल्यापासून त्यालाच खोकला लागलाय. मी अंगणात बसतो, तो भिंतीपलीकडे बसलेला असतो. मी तीनदा वाजवलं की त्याला ढास लागते. थांबतो, पुन्हा तीनदा, पुन्हा ढास. आवाज ऐकून त्याला उबळ येत असेल का? रात्री मात्र शांत झोपतो. एकदाच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तसाच वाजवतोस रं तू." मी म्हटलं, कोणासारखा? तर निघून गेला. मी कौतुकच समजलो. त्याला निफाडच्या दवाखान्यात दाखवून छातीचा फोटो काढून आणणार आहे. क्षयाची सुरुवात असली तर लवकर कळलेलं बरं.

मागच्या रविवारी सगळे खूश होते. अकरा पडली. भाऊसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

तुझा,
किशोर

---

आश्रमशाळा, ता. पेठ
१८ डिसेंबर १९९७

किशोर,

अकरा काय पडली? फोटो पडतात का कुठं?

तू मला बनवलंस. मी बनले, कारण मला बनायचंच होतं. पोरगा काळूचं नाव काढतोय या आनंदात मी माळ्यावर चढले, आणि डोकं खाली ठेवून चढले. खरं काय ते लिही.

हिरामणला दवाखान्यात नेऊ नकोस. त्याच्या छातीत काही झालेलं नाही. त्याला क्षय नाही, दमा नाही. तो का खोकतो ते मला कळलं. तुझं पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात किती वेळ बसून होते, भात करपला तरी उठले नाही.

तू खोकायचंस ते तो खोकतोय. एवढं समज, जास्त विचारू नकोस. पाखरं उधळली तर उधळू देत, फोटोवाले चिडले तर चिडू देत. तुला माझी शपथ आहे, खोकल्याशिवाय चौथी हाक मारायची नाही.

संक्रांत झाली की शाळा चार दिवस बंद असते. मी येते. काही गोष्टी कागदावर ठेवण्यासारख्या नसतात.

आत्या

---

थडीची वस्ती
२ जानेवारी १९९८

आत्या,

फोटो नाहीत, बंदुका आहेत. जंगल खात्याची बंदी आहे हे मलाही माहीत आहे. पण बंदी मालकाला आहे, राखणदाराला मालक आहे. मी तुला खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू पिपाणी पाठवली नसतीस. चूक माझी, पाय धरतो.

पण माझी बाजू ऐक. काम बघायला ठरलेली तीन महिन्यांची मुदत आता संपत आली. भाऊसाहेब म्हणाले, अकरा तारखेच्या रविवारी माझे मोठे पाहुणे आहेत, तो दिवस नीट काढ, मग तुझं कायमचं करून टाकू. खोलीला रंगसुद्धा दिलाय. ज्योत्स्ना रोज संध्याकाळी जाऊन ती खोली बाहेरून बघून येते. सातवा महिना चालू आहे. कडी कशी लागते तेसुद्धा तिनं बघून ठेवलंय.

शपथ घातलीस म्हणून मागच्या खेपेला मी खोकलो. एक पाहुणे सर्वांसमोर म्हणाले, "खोकायचं असेल तर दवाखान्यात जा, इथे कशाला आलास?" भाऊसाहेब हसले नाहीत, ते जास्त लागलं.

आबा तर विचित्र वागतोय. मी पिपाणी कोनाड्यात ठेवली की काढून गोवऱ्यांच्या ढिगात लपवतो. मी शोधतो, पुन्हा लपवतो. ओरडत नाही, भांडत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मला वाटतं, पोराला काहीतरी येतं हेच त्याला बघवत नाही. स्वतः जन्मभर दुसऱ्याच्या मळ्यात पाणी भरलं, मी तेच करावं असं त्याला वाटतं. अकरा तारखेला मी त्याला मुद्दाम चांदवडला पाहुण्यांकडे पाठवणार आहे.

तुम्ही दोघं मला लहान पोरासारखं खेळवताय. नियमाचं कारण काय ते एकदा लिही. कारण पटलं तर नोकरी गेली तरी मी पाळीन. हे मात्र खोटं नाही.

किशोर

---

आश्रमशाळा, ता. पेठ
६ जानेवारी १९९८

किशोर,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं, लगेच लिहिते म्हणजे रविवारच्या आत पोचेल.

कारण मला लिहिता येत नाही. अक्षर येतं, कारण लिहिता येत नाही. ते माझं एकटीचं नाही. ज्याचं आहे त्यालाही मी आजच वेगळं पत्र टाकलंय.

तुझा आबा तुझ्यावर जळत नाही. त्याच्याबद्दल असं पुन्हा लिहिलंस तर तोंड बघणार नाही तुझं. त्याला चांदवडला पाठवू नकोस. त्याच्यासमोर बस, आणि तो बोलेपर्यंत उठू नकोस.

रविवारी आजारी पड. ताप आला म्हण, पोटात दुखतं म्हण. खोटं बोलायला तुला कोणी शिकवायला नको.

आत्या

---

थडीची वस्ती
२० जानेवारी १९९८

आत्या,

आबा गेला हे तुला निरोपातून कळलं असेल. तुझी वाट बघितली. तू आली नाहीस. लोक म्हणाले, सख्खी बहीण तोंड बघायला आली नाही. मी म्हटलं, लांबचा पल्ला आहे. निरोप तुला कधी मिळाला ते मला माहीत नाही.

लोकांना सांगितलंय की पहाटेच्या गार पाण्यात उतरला आणि छातीत कळ आली. भाऊसाहेबांनीच तसं सांगायचं ठरवलं. मी मान हलवली. खरं काय झालं ते तुला लिहितो, कारण मी ज्योत्स्नालासुद्धा सांगितलेलं नाही.

तुझं पत्र शुक्रवारीच मिळालं होतं, पण त्यात कारण नव्हतं म्हणून मी मानलं नाही. शनिवारी आबा चांदवडला जातो म्हणून निघाला. रविवारी उजाडता मी पाणकणसांच्या उंच गवतात कमरेइतक्या पाण्यात बसलो. धुकं एवढं होतं की हातातली पिपाणी दिसत नव्हती. डाव्या बांधावर भाऊसाहेब, समोरच्या अंगाला त्यांचे एक मोठे पाहुणे. मी तीन हाका दिल्या. मागून खोकला आला.

मला वाटलं भास झाला. पुन्हा तीन. पुन्हा खोकला, आता जवळून. भाऊसाहेब ओरडले, कोण आहे रे तिकडे?  मला लाज वाटली, की माझा बाप माझं काम मोडायला आलाय. म्हणून मी आणखी जोरात वाजवलं. इतकं सुरेख मी कधी वाजवलं नव्हतं. वरून थव्याच्या पंखांचा आवाज खाली येत होता.

तेवढ्यात आबा पाणी तुडवत आला. त्यानं माझी मान धरली आणि मला पाण्यात खाली दाबलं, लहानपणी नदीवर आंघोळ घालताना दाबायचा तसंच. स्वतः माझ्यापुढं उभा राहिला आणि खोकला. पाण्याखाली असूनही मला तो खोकला ऐकू आला. मग बार ऐकू आला.

भाऊसाहेबांनी खोकला ऐकून बंदूक खाली घेतली होती. समोरच्या पाहुण्यांनी थंडीसाठी कानटोपी घातलेली होती. त्यांना कणसं हललेली दिसली आणि मी जोरात वाजवलेलं बदक तेवढं ऐकू आलं.

आबा माझ्या अंगावर पडला. छर्रे मानेत आणि छातीत.  डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडं होते, मी धड आहे का ते बघत होते.

मी दार लावून एकट्यानं त्याला आंघोळ घातली. कोणाला आत येऊ दिलं नाही. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

एक तारखेपासून मला कायम केलंय. खोलीची किल्ली दिली. मी घेतली.

आबाच्या आतल्या खिशात तुझं पत्र होतं. भिजून सगळी शाई फुटलेली, एकच ओळ वाचता आली. "तू सांग, नाहीतर तू थांबव." काय सांगायचं होतं त्याला? आता तरी लिही. आता लपवायला तुझ्याकडं कोण उरलंय?

किशोर

---

आश्रमशाळा, ता. पेठ
२६ जानेवारी १९९८

किशोर,

निरोप मला तिसऱ्या दिवशी मिळाला. मी निघाले होते. पेठच्या स्टँडवर गाडीत बसले आणि उतरले. तुझ्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली नाही. लोक म्हणाले ते बरोबर म्हणाले.

आज शाळेत झेंडा झाला, पोरांना लाडू वाटले. आता सगळं शांत आहे आणि मी लिहायला बसले आहे.

मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या थंडीत आम्ही तिघं तिकडंच होतो, त्याच पाण्यावर. काळू, मी आणि हिरामण. आई मेली तेव्हा हिरामण चार वर्षांचा होता, मी त्याला माझ्या लग्नातसुद्धा बरोबर आणलं होतं. कालव्याच्या बंगल्यावर साहेब यायचे, त्यांच्या जेवणाला बदकं लागायची. काळू कणसांत बसून हाक मारायचा, हिरामण बांधावरून ठासणीच्या बंदुकीनं बार टाकायचा. त्याला बाविसावं लागलं होतं. तुझ्या आईशी त्याची सुपारी फुटली होती.

त्या पहाटेला असंच धुकं होतं. काळू जागा बदलून पुढं सरकला होता. हिरामणला कणसं हललेली दिसली आणि बदक ऐकू आलं. जो आवाज बदकाला खरा वाटायचा तो माणसाला खोटा कसा वाटेल? माझा काळू त्याच्या हुन्नरानं मेला, आणि माझ्या भावाच्या हातानं.

त्यालाही मीच आंघोळ घातली, दार लावून. तू कसं पाणी घातलं असशील ते मला सांगायला नको. हिरामण बाहेर बसून म्हणत होता, "बाई, मला चौकीत घेऊन चल." मी म्हटलं, काळू होडीतून पडला आणि बुडाला. एकदा म्हटलं, मग तेच म्हणत राहिले. नवरा गेलाच होता, पोरासारखा वाढवलेला भाऊ तुरुंगात घालून मला काय मिळणार होतं? सुपारी मोडली असती. तू झाला नसतास. ज्या पाखराच्या चोचीला हळदीकुंकू आहे त्याच्या पायी माझं कुंकू पुसलं गेलं, तेवढं बस होतं, असं मी ठरवलं.

मी त्याला वाचवलं असं समजत होते. तसं नाही झालं. चौकीत गेला असता तर काही वर्षांत सुटला असता. मी त्याला सव्वीस वर्षं सुटू दिलं नाही. तुला कारण लिहिलं असतं तर तू कणसांत बसला नसतास. तू मागितलं होतंस, शब्द दिला होतास. मी भावाची अब्रू जपली आणि भाऊ घालवला. वर त्याला पत्र टाकून मीच त्या पाण्यात पाठवला. हे आता माझ्या जिवाबरोबरच जाईल.

नियम काळूचा नव्हता. काळू कधी खोकला नाही. खोकला असता तर आज म्हातारा होऊन माझ्या चुलीशी बसला असता. काळूची राख सावडून आम्ही दोघं परत येत होतो, तेव्हा हिरामण वाटेत थांबला आणि म्हणाला, "बाई, तीन हाकांवर त्यानं एकदा खोकायला पायजे होतं. नुस्तं एकदा." मी म्हटलं, हो. एवढाच तो नियम. त्यानंतर पिपाणी कोणी वाजवलीच नाही, म्हणून पाळायची वेळ आली नाही. जगात तो एकाच माणसानं पाळला. तुझ्यावर जळत होता म्हणतोस ना, त्यानं.

खोलीची किल्ली परत दे असं मी सांगणार नाही. सांगायचा हक्क मला राहिला नाही. पण तू दार लावून पाणी घातलंस, मान हलवलीस, छातीत कळ आली म्हणालास. पहिल्या दिवशी ते सोपं जातं. त्या पाहुण्याला ठाऊक आहे, भाऊसाहेबाला ठाऊक आहे, आणि तुझ्या पोराला एक दिवस तू पाण्याकडं का जात नाहीस हे विचारायचं आहे.

मी शुक्रवारी येते. या वेळी स्टँडवरून परत फिरणार नाही. मला निफाडच्या चौकीत जायचंय, काळूचं सांगायला. कोणी ऐकून घेईल की नाही माहीत नाही, सव्वीस वर्षांनी कोण कागद करतो? तरी सांगणार. तू बरोबर येशील तर आधी मी माझं सांगेन, मग तू तुझं सांग. नाही आलास तर दारातूनच माघारी जाईन आणि तुला दोष देणार नाही.

तुमच्या वस्तीकडं येणारी वाट कणसांच्या कडेनं जाते, मला आठवते. सकाळच्या धुक्यात पोचेन. त्या वाटेवर मी खोकत खोकत येईन. ऐकू आलं तर दार उघड.

आत्या